भंगारात निघालेले बावीस कॉम्प्युटर

पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत सरिता भोयेचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. एक टेबल, दोन स्टुलं, भिंतीला उघडी केलेली सीपीयूंची खोकी, आणि उरलेल्या जागेत सरिता. वय अडतीस. कानात काही घालत नाही, कारण एकदा वाकून बघताना डूल सीपीयूच्या पंख्यात अडकलं होतं. गल्लीतली माणसं तिच्याबद्दल दोन गोष्टी सांगतात. बाईच्या हाताला गुण आहे आणि बाईच्या नाकावर राग आहे. बहुतेक जण दुसरी गोष्ट आधी सांगतात.

हा राग तिनं घरून आणलेला. सुरगाण्याकडच्या डोंगरातलं कोकणा आदिवासी कुटुंब. भात, नागली आणि पावसाळा सरला की दिंडोरीकडे द्राक्षबागांवर छाटणीला. बाप पुंजा, अक्षराला अनोळखी. मुकादम कागद पुढे करायचा आणि पुंजा तो सांगेल तिथे अंगठा उठवायचा. कागदावर काय लिहिलंय ते त्यानं कधी विचारलं नाही, मुकादमानंही कधी सांगितलं नाही. आठ-नऊ वर्षांची सरिता एकदा शेजारी उभी राहून तो कागद मोठ्यानं वाचायला लागली, तेव्हा मुकादमानं कागद ओढून घेतला आणि वर हसला. ते हसणं तिच्या डोक्यात बसलं. एखाद्याला एखादी गोष्ट कळत नाही आणि त्याच्या न कळण्यावर दुसरा पोट भरतोय असं दिसलं, की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. फार चिडली की शहरातली भाषा सुटायची आणि 'नाही'च्या जागी घरचं 'नीही' तोंडातून निघायचं. ओळखीची माणसं ते 'नीही' ऐकलं की दोन पावलं मागे सरकायची.

आश्रमशाळेतून बारावी, मग नाशकात आयटीआय, मग गंगापूर रोडवर यादवशेठच्या दुकानात नोकरी. दुकान मोठं, काचेचं, एसी. शेठ गोड बोलणारे. सरिताचं काम आलेल्या मशीनवर विंडोज चढवण्याचं. दुकानात विंडोजची एक सीडी होती, नंतर एक पेनड्राइव्ह आला. त्या एकाच पेनड्राइव्हमधून नाशकातल्या शेकडो घरांत विंडोज गेलं. लायसन्सचं कुलूप तोडायला सोबत एक छोटा प्रोग्रॅम असायचा. तो कुणी बनवला, आत अजून काय काय करतो, कुणाला ठाऊक नव्हतं. गिऱ्हाइकाला मात्र सांगायचं, "ओरिजिनल टाकलंय."

सहा वर्षं तिनं हे सांगितलं. पहिली दोन वर्षं तिला स्वतःलाच नीट कळत नव्हतं, पुढची चार वर्षं कळत होतं. त्या चार वर्षांचा विषय निघाला तर आजही ती उठून दुसरं काम काढते.

मग एके दिवशी अमोल सर आले. घरीच गणिताचे क्लास घेणारे, सरळ माणूस. त्यांनी मशीन टेबलावर ठेवलं. सगळ्या फायलींना कुलूप लागलं होतं आणि पडद्यावर इंग्रजीतून खंडणीची नोटीस होती. बारा वर्षांच्या प्रश्नपत्रिका, नोट्स, सगळं गेलेलं. सरितानं आत पाहिलं. कीड कुठून शिरली ते तिला दहा मिनिटांत समजलं. कुलूप तोडणाऱ्या त्या छोट्या प्रोग्रॅममधूनच ती आली होती. तो तिनंच तीन महिन्यांपूर्वी टाकला होता.

तिनं आत जाऊन शेठना सांगितलं. शेठनी मान हलवली.

"सांग त्यांना, पोरांनी काहीतरी भलतंसलतं डाउनलोड केलं असेल. नवीन विंडोज मारून दे."

"सर, त्यांच्या पोरांनी काही केलेलं नाही. आपण केलंय."

"हळू बोल. बाहेर ऐकू जाईल."

"जाऊ दे ना! ऐकू जायलाच पाहिजे!"

बाहेर अमोल सर उठून उभे राहिले होते. सरिता बाहेर आली आणि त्यांच्या तोंडावर सगळं सांगून मोकळी झाली. विंडोज चोरीचं होतं, तुम्हाला ओरिजिनल म्हणून सांगितलं, मीच सांगितलं. अमोल सर ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते ओरडले नाहीत. मशीन उचललं आणि निघून गेले. त्याच दिवशी सरितानं नोकरी सोडली. यादवशेठनी "सोडलीस की मी काढली, एकच," असं म्हणून हात झटकले.

पंचवटीतलं दुकान घेतलं ते असं. आणि घेतानाच ठरवलं की आता गिऱ्हाइकाशी खोटं बोलायचं नाही. पण लोकांना तर विंडोजच हवं असतं, आणि ते रीतसर विकत घ्या म्हटलं की लोक पुढच्या दुकानात जातात. मग तिला विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स आठवलं. आयटीआयच्या दिवसांत एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या शिबिरात पाहिलं होतं. जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेलं, कुणीही घ्या, कुणालाही द्या, आत उघडून बघा. लायसन्सचं झेंगट नाही. तिनं आपल्या मशीनवर चढवलं, महिनाभर वापरलं आणि हरखून गेली. जुनी, धापा टाकणारी मशीनं त्यावर पळायला लागायची. कुलूप तोडायला लागत नव्हतं, कारण कुलूपच नव्हतं.

इथपर्यंत सगळं चांगलं झालं. पण रागावलेल्या माणसाला चांगली गोष्ट सापडली की तो ती दुसऱ्याच्या डोक्यात ठोकायला निघतो. सरितानं तेच केलं. येईल त्या मशीनवर लिनक्स. कुणी कुरकुर केली तर एकच उत्तर ठरलेलं: "आठ दिवसांत सवय होते." बऱ्याच जणांना झालीही. निवृत्त पोस्टमन कोंडाजी काका कॉम्प्युटरवर भजनं ऐकायचे, वीजबिल भरायचे, नातवाशी व्हिडिओवर बोलायचे. त्यांना तर खाली काय बदललं ते कळलंसुद्धा नाही. बौद्ध कॉलनीतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची पोरं दहा जुन्या मशीनवर बसायची. प्रत्येकाच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस यायचे आणि दर महिन्याला निम्मी मशीनं झोपायची. तिथं लिनक्स आल्यापासून एकही मशीन पडलं नाही. अभ्यासिका चालवणारा राकेश म्हणायचा, "ताई, तुमच्यामुळे माझी कटकट गेली." सरिताच्या डोक्यात हवा शिरली.

त्या हवेतच ती अंजली साळवेंकडे गेली.

अंजलीताई पंचवटीत वीस वर्षं टायपिंगचं काम करत होत्या. लग्नपत्रिका, प्रतिज्ञापत्रं, जातीच्या दाखल्याचे अर्ज, हँडबिलं. नवरा वारल्यावर त्या एका मशीनवर दोन मुली शिकवल्या. मशीन व्हायरसनं बेजार झालं म्हणून त्यांनी सरिताला बोलावलं. सरितानं आत पाहिलं आणि तिचं डोकं फिरलं. विंडोज चोरीचं, त्यावर पत्रिका मांडायचं कोरलड्रॉ चोरीचं, फॉन्टसुद्धा चोरीचे. सगळं कुणा एका दुकानदारानं एकाच दिवशी भरलेलं. तिनं मशीन दुकानात नेलं, नवी डिस्क बसवली, लिनक्स टाकलं, त्यांच्या फायली उतरवल्या, चित्रकामाचा एक फुकटचा प्रोग्रॅम टाकला आणि दुसऱ्या दिवशी परत आणून दिलं. अंजलीताई मुलीच्या कॉलेजात गेल्या होत्या. सरितानं शेजाऱ्याकडे मशीन सोपवलं आणि निरोप ठेवला, "सगळं स्वच्छ करून दिलंय."

चौथ्या दिवशी अंजलीताई दुकानात आल्या. साठीला टेकलेली बारीक बाई, पदर खोचलेला. त्यांचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत गेला.

"सरिता, बाहेर ये!"

सरिता हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन उठली.

"माझं मशीन तू काय केलंस? माझ्या फायली उघडतात तर आत किडे-मुंग्या दिसतात. एक अक्षर वाचता येत नाही! कोरल नाही. प्रिंटर तर ओळखतच नाही. चार दिवस मी खुर्चीत बसून रडतेय."

"ताई, ते जुने फॉन्ट आहेत, म्हणून तसं दिसतं. आता सगळं युनिकोडमध्ये करायचं असतं, ते कुठल्याही मशीनवर वाचता येतं. थोडी सवय..."

"सवय? परवा खैरनारांच्या वडिलांचं पुण्यानुमोदन होतं. पत्रिका माझ्याकडे होती. दोनशे माणसांना बोलवायचं होतं त्यांना. मला ती छापून देता आली नाही. त्या पोरानं शेवटी फोन करून करून माणसं बोलावली. बापाच्या कार्याला! वीस वर्षांत माझं एक काम चुकलं नव्हतं. तू मला विचारलंस का, अंजलीताई, तुम्ही या मशीनवर करता काय?"

सरिताला चूक कळली होती. पण गल्ली बघत होती, आणि चूक कळलेला चिडका माणूस जास्तच वाईट बोलतो. ती म्हणाली, "तुमच्या मशीनवर सगळं चोरीचं होतं, ताई. ते मी काढलं."

अंजलीताईंचा आवाज एकदम खाली आला. गल्लीत जे थांबून ऐकत होते त्यांना पुढचं ऐकायला कान द्यावे लागले.

"मी चोर नाही. ज्यानं मशीन विकलं त्यानं भरून दिलं, मी पूर्ण पैसे मोजले. मला काय ठाऊक आत काय असतं? मला कळत नव्हतं, म्हणून त्यानं मला काहीतरी दिलं. आणि मला कळत नव्हतं, म्हणून तू न विचारता काढून घेतलंस. तुझ्यात आणि त्याच्यात फरक सांग मला."

आणि त्या गेल्या.

सरितानं शटर अर्धं ओढलं आणि आत बसली. राग होता, भरपूर होता, पण ठेवायला दुसरी जागा मिळेना. मुकादमाच्या कागदाची आठवण येत होती, आणि या वेळी कागद ओढणारा हात तिचा स्वतःचा होता. हे तिला सहन होईना.

एक बरं होतं. तिनं जुनी डिस्क पुसली नव्हती. ती कागदात गुंडाळून मांडणीवर होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ती घेऊन सरिता अंजलीताईंच्या दारात उभी राहिली. माफी मागायची तिला सवय नव्हती. ती म्हणाली, "तुमचं सगळं यात आहे. मी चुकले. आज दिवसभर मी इथंच बसते. तुम्ही काय काम करता ते मला दाखवा."

अंजलीताईंनी तिला आत घेतलं, पण चहा विचारला नाही. दुपारपर्यंत विचारला नाही.

तो दिवस सरिताला दहा शिबिरांपेक्षा जास्त शिकवून गेला. वीस वर्षांच्या पत्रिकांचे नमुने त्या जुन्या फॉन्टमध्ये होते. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "थोरलीच्या लग्नात केली होती तशीच द्या." ती तशीच द्यावी लागायची. छापखान्याला फाइल कोरलचीच हवी असायची, दुसरी ते घेतच नव्हते. आणि अंजलीताईंची बोटं की-बोर्डकडे न बघता चालायची ती जुन्या टायपिंगच्या मांडणीवर. या बाईच्या हातातलं कसब त्या प्रोग्रॅमशी जोडलेलं होतं. ते तोडून तिला स्वातंत्र्य देतो म्हणणं म्हणजे शिंप्याचं मशीन काढून घेऊन त्याला सुई देण्यासारखं.

शेवटी ठरलं ते असं. अंजलीताई विंडोजवरच राहणार, पण रीतसर विकत घेतलेल्या. कोरलची रीतसर प्रत हप्त्याहप्त्यानं घ्यायची. नवीन कामं हळूहळू युनिकोडमध्ये. सरितानं प्रत्येक जुन्या नमुन्याची एक प्रत बाहेर काढून ठेवली. मग धाकटी मुलगी घरी आली. तिच्यासाठी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायचं का, असं सरितानं विचारलं. मुलगी फक्त अभ्यास करायची आणि ब्राउझर वापरायची. अंजलीताई म्हणाल्या, "आता विचारायला लागलीस." संध्याकाळी चहा आला.

तेव्हापासून सरिताच्या टेबलावर एक शाळकरी वही असते. गिऱ्हाइकानं मशीन ठेवलं की ती खोकं उघडायच्या आधी वही उघडते. काय काम करता? कोणत्या फायली? प्रिंटर कोणता? मशीन बिघडलं तर कुणाला फोन करता? करसल्लागाराकडे हिशेबाचा प्रोग्रॅम आणि डिजिटल सहीचा डोंगल असेल तर ती सरळ सांगते, विंडोज राहू द्या, लिनक्सवर तुम्ही रोज मला शिव्या द्याल. नर्सबाईंना फक्त रजेचा अर्ज आणि सिनेमे असतील तर सांगते, उगाच पैसे घालवू नका. राग मात्र तसाच राहिला. आता तो वहीतल्या उत्तरांनंतर येतो, एवढंच.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात तृप्ती मॅडमचा फोन आला. तृप्ती महाले, पेठ रस्त्याला सावळघाटापलीकडे एका संस्थेच्या आश्रमशाळेत विज्ञान शिकवायच्या. संस्थेचं नाव मोठं, ऑफिस नाशकात.

"सरिताताई, आमचे बावीस कॉम्प्युटर भंगारात काढतायत. ऑक्टोबरात जुन्या विंडोजचे अपडेट बंद होणार म्हणे, आणि नवीन विंडोज यांच्यावर चढत नाही. सप्लायरनं तसं लिहून दिलंय. सगळे नवीन घ्यायचा ठराव आहे. तुम्ही एकदा येऊन बघाल का?"

"सप्लायर कोण?"

तृप्ती मॅडमनी नाव सांगितलं. यादवशेठ.

सरिता स्कूटर घेऊन गेली. पाऊस, धुकं, घाटात ट्रक. शाळेत पोचल्यावर तृप्ती मॅडमनी कॉम्प्युटरची खोली उघडली आणि सरिता दारातच थांबली. बावीस मशीनं ओळीनं मांडलेली, प्रत्येकावर प्लास्टिकचं आवरण. तिनं एक आवरण काढलं. मॉनिटरवरची कारखान्यातली पातळ फिल्म अजून चिकटलेली होती. दुसरा. तोही. अकरा मॉनिटरवर ती फिल्म होती. मशीनं आठ वर्षांपूर्वी आलेली.

"मुलं बसत नाहीत?"

मॅडमनी मान खाली घातली. "बिघडतील म्हणून बसू देत नाहीत. दसऱ्याला पूजा होते. तपासणीला दोन चालू करतात."

"नीही!" सरिता ओरडली, आणि व्हरांड्यातली पोरं पांगली. "आठ वर्षं पोरांना हात लावू दिला नाही, आणि आता म्हणतात जुने झाले? कशानं जुने झाले? बघून बघून?"

सप्लायरनं लिहिलेलं खोटं नव्हतं, हे तिला आत उघडल्यावर मान्य करावं लागलं. नवीन विंडोज त्या प्रोसेसरवर रीतसर चढत नव्हतं. नियम कंपनीचा होता आणि यादवशेठनी त्यावर बोट ठेवलं होतं. पण मशीनं मेलेली नव्हती. तिनं तिथंच पेनड्राइव्ह लावला. पाचव्या मिनिटाला लिनक्स उभं राहिलं, मराठीतून. दारात परत जमलेल्या पोरींपैकी एकीनं पडद्यावरचं मराठी मोठ्यानं वाचलं. सरितानं तिला खुर्चीत बसवलं आणि आपण मागे उभी राहिली.

संस्थेची बैठक गंगापूर रोडवरच्या ऑफिसात होती. तृप्ती मॅडमनी तिथं सरिताला बोलायला वेळ मागून घेतला होता. अध्यक्ष, सचिव, चार संचालक, यादवशेठ आणि पालकांतर्फे गोटीराम नावाचा एक माणूस, ज्याला कोपऱ्यातली खुर्ची दिली होती. सरिता आत आली तसे यादवशेठ हसले. "अरे, आमची सरिता! आमच्याकडेच शिकली ही."

"हो," सरिता म्हणाली, "खोटं बोलायला तिथंच शिकले. विसरायला वेळ लागला."

"भोये मॅडम," अध्यक्ष म्हणाले, "आवाज जरा खाली."

तिनं टेबलाची कड घट्ट धरली. इथं फाडफाड बोललं तर तांडव करणारी बाई म्हणून बाहेर काढतील, हे तिला समजत होतं. तिनं वही उघडली. तृप्ती मॅडमबरोबर बसून तिनं शाळेतल्या प्रत्येक कामाची उत्तरं लिहून आणली होती.

"शाळेच्या ऑफिसात दोन मशीनं लागतात. तिथं सरकारी साइटवर डिजिटल सही करायची असते, हिशेबाचा प्रोग्रॅम आहे, क्लार्कला विंडोजचीच सवय आहे. ती दोन नवीन घ्या. विंडोजसकट, रीतसर लायसन्सची. यादव सरांकडूनच घ्या, माझं काही म्हणणं नाही."

यादवशेठच्या भुवया वर गेल्या. ही बाई आपल्या बाजूनं बोलेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"मुलांना लिहायचं आहे, चित्र काढायचं आहे, गणिताचे खेळ आहेत, विज्ञानाचे व्हिडिओ बघायचे आहेत. त्याला ही बावीस मशीनं लिनक्सवर पुष्कळ झाली. एकही नवीन नको. चढवायचं काम मी करते. मॅडमना शिकवते."

सचिव म्हणाले, "फुकटच्या गोष्टीला वाली कोण? उद्या बंद पडलं तर?"

"आज सगळं विकतचं आहे. त्याला वाली कोण होता, साहेब? आठ वर्षं प्लास्टिक कुणी काढलं नाही!" आवाज चढलाच. अध्यक्षांनी हात वर केला, पण तोवर कोपऱ्यातून गोटीराम उठला होता. सरिताला वाटलं, आपल्या बाजूचा माणूस बोलतोय.

"बाई," तो म्हणाला, "तुमी सांगता ते समदं बरं हाय. पण माझी पोर उद्या नाशकात नोकरीला गेली, आन् तिथं इंडोज असलं, मंग? साहेबांच्या पोरांना इंडोज, आन् आमच्या पोरांना फुकटातलं. आमाला नेहमी फुकटातलंच का?"

या प्रश्नाचं उत्तर तिच्या वहीत नव्हतं. गोटीराम चूक बोलत नव्हता. नोकरीच्या जाहिरातीत विंडोजच लिहिलेलं असतं, सर्टिफिकेटच्या परीक्षा त्याच्यावरच होतात. फुकट म्हणजे हलकं, हे त्याला रेशनच्या धान्यापासून ते वसतिगृहाच्या ताटापर्यंत सगळ्यांनी शिकवलं होतं. तिला राग आला तो त्याच्यावर नव्हे. त्याला असं विचारायची पाळी ज्यांनी आणली, ते सगळे त्याच टेबलाभोवती बसून मान डोलवत होते.

"दादा," ती त्याला म्हणाली, "मीही तुमच्यासारख्याच घरची. हे हलकं नाही. मोठमोठ्या कंपन्यांची यंत्रं यावर चालतात. पण तुमचं खरं आहे. चार मशीनं विंडोजची ठेवायला सांगते, नवीन, रीतसर. मोठ्या मुलांनी दोन्ही शिकायचं. पण आज तुमच्या पोरीला काय शिकवतात माहीत आहे? काहीच नाही. तिनं कॉम्प्युटरला फक्त फूल वाहिलंय."

गोटीराम खाली बसला. त्याचं समाधान झालं की नाही ते त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. पण तो अध्यक्षांकडे वळून म्हणाला, "फूल वाहायला लावता व्हय पोरींना?"

ठराव बदलला. ऑफिसला दोन आणि शाळेला चार नवीन मशीनं यादवशेठकडून, बाकी जुनी भंगारात न देता लिनक्सवर. सरितानं दोन आठवडे घाट चढून-उतरून काम केलं. बावीसपैकी सतरा उभी राहिली. पाचांचे भाग ओलीनं गंजले होते, ते काढून तिनं इतरांना लावले. तृप्ती मॅडमनी रोजचे दोन तास खोलीचे ठरवून घेतले. पहिल्या महिन्यात पोरांनी तीन की-बोर्ड मोडले. मुख्याध्यापकांनी घाबरून फोन केला. सरिता म्हणाली, "मोडू द्या. मोडले म्हणजे वापरतायत."

हे सगळं होऊन सहा महिने झाले. संक्रांतीनंतर एका दुपारी एका दुसऱ्या शाळेचे शिक्षक सरिताच्या दुकानात आले. त्यांच्या मशीनवर काहीतरी बदलायचं होतं आणि पासवर्ड माहीत नव्हता. सरितानं मशीन चालू केलं. पडद्यावर लिनक्स होतं. तिनंच आश्रमशाळेत लावलं होतं तसंच, अगदी मराठीसकट. मागचं चित्र तेवढं बदललेलं. त्यावर यादवशेठच्या दुकानाचं नाव आणि फोन नंबर.

"हे कुठून घेतलं?"

"शेठकडून. त्यांची नवी सिस्टिम आहे, शाळांसाठी. पाच शाळांना दिलीय."

सरितानं शटर ओढलं आणि तशीच स्कूटरवर बसली. गंगापूर रोडच्या काचेच्या दुकानात ती किती वर्षांनी शिरत होती. यादवशेठ काउंटरवर होते.

"ही तुमची सिस्टिम आहे?"

शेठनी चष्मा काढला. ते घाबरले नव्हते. "सरिता, बस. हे फुकटचं आहे ना? कुणीही घ्या, कुणालाही द्या, तूच म्हणतेस. मग विकायला बंदी कुठे आहे? मी वाचलंय सगळं. माझी माणसं जातात, वेळ जातो, त्याचे पैसे घेतो. तूही गिऱ्हाइकांकडून घेतेसच ना मजुरी?"

त्यांचं बरोबर होतं. विकायला बंदी नव्हती. कायद्यानं बरोबर होतं, आणि नेमका त्याचाच तिला संताप आला. जे तिनं उघडं म्हणून शाळेत नेलं होतं, तेच या माणसानं नाव चिकटवून पाच शाळांत पोचवलं होतं. पण पोचलं तरी होतं. पाच शाळांतली पोरं त्याच्यावर बसत होती. हेही खरंच होतं, आणि तिला तेही नाकारता येईना.

"विका," ती म्हणाली. "पण पासवर्ड का दिले नाहीत शाळांना?"

"काहीतरी करून बसतात. मग फोन आपल्यालाच."

"नीही!"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं मागे सरली. सरितानं काउंटरवरची पावतीवही ओढली, उलटी केली आणि मागच्या कोऱ्या कागदावर पेन ठेवलं.

"पाचही शाळांची नावं लिहा. समोर पासवर्ड लिहा. नाहीतर मी पाचही शाळांत जाईन, आणि हे कसं काढायचं आणि कसं परत टाकायचं ते सगळ्या मास्तरांना शिकवून येईन. मग तुम्हाला फोन यायचाच नाही."

शेठनी गिऱ्हाइकांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि लिहायला लागले. चौथ्या नावापाशी म्हणाले, "हा आठवत नाही."

"आठवा," सरिता म्हणाली, आणि स्टूल ओढून समोर बसली.